मॅलकी टूईचा रस्ता

"मी नाही धुणार हे." स्टेशियानं टेबलावरचं गाठोडं एका बोटानं पलीकडे सरकवलं. "कोट पांढरा, विजार पांढरी, वर टोपीसुद्धा पांढरी! अरे, दिवसभर घोड्याच्या लिदीत उभा राहणारा माणूस तू. तुला पांढरं घालायची अक्कल निघाली तरी कुणाच्या डोक्यातून?"

"कर्नलसाहेबांच्या," मॅलकी म्हणाला.

"त्याची बायको धुणार आहे का?"

मॅलकीनं कोट उचलला, खिडकीशी धरला आणि शिवणीवरून अंगठा फिरवून पाहिला. कापड जाडजूड होतं, शिलाई पक्की होती. गेल्या तीन वर्षांत त्याच्या अंगाला नवं कापड लागलं नव्हतं.

"मी धुईन," तो म्हणाला.

"हो, धू. अंगणातल्या नळावर बायकांच्या रांगेत उभा राहा बादली घेऊन. तेवढंच उरलंय बघायचं माझ्या नशिबात." आणि स्टेशिया पुन्हा खिडकीशी बसून शर्टांना काजं करू लागली. सुई अशी टोचत होती की जणू कापडानंच काही गुन्हा केला होता.

मॅलकी टूई मूळचा झाडूवाला नव्हता. आयर्लंडहून आल्यापासून पंधरा-एक वर्षं त्यानं संगमरवर घासला होता. तेव्हा न्यूयॉर्कात पैशाला पूर आलेला. रेल्वेवाले, बँकवाले, साखरवाले, जो तो महाल बांधायला निघालेला, आणि प्रत्येक महालाला जिना हवा, प्रत्येक जिन्याला पांढऱ्याशुभ्र पायऱ्या हव्यात. मॅलकी आधी वाळूनं घासायचा, मग बारीक दगडानं, मग ओल्या लोकरीनं. दगडात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत हात थांबायचा नाही. मग अठराशे त्र्याण्णव साल उजाडलं. आधी एक रेल्वे बुडाली, तिच्यामागून बँका बुडाल्या, आणि अर्धेमुर्धे महाल उघड्या तुळयांनिशी पावसात भिजत राहिले. संगमरवराच्या कारखान्याच्या फाटकाला साखळी पडली. त्यानंतरचे दोन हिवाळे मॅलकीनं फुकट सूपच्या रांगेत काढले. मिळेल तिथं बर्फ उपसला, गोदीवर जाऊन उभा राहिला, आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी जिने चढून वर आला.

झाडूवाल्याची नोकरी तेव्हा मागून मिळत नसे. ती वॉर्डाच्या पुढाऱ्याच्या खिशात असे. त्याच्या गुत्त्यात जाऊन बसायचं, त्याच्या नावानं ग्लास उंचवायचा, निवडणुकीत त्याच्यासाठी दोन-तीनदा मत द्यायचं, मग चिठ्ठी मिळायची. चिठ्ठी मिळाली की झाडलं काय, न झाडलं काय, सारखंच. मग गावाची चाड असलेली माणसं एक झाली, त्यांनी पुढाऱ्यांना निवडणुकीत लोळवलं, आणि रस्ते झाडायच्या खात्यावर लष्करातला एक निवृत्त कर्नल येऊन बसला. त्याच्या माणसांनी मॅलकीला दोनच गोष्टी विचारल्या : दारू पितोस का, आणि पाठ धड आहे का. चिठ्ठी कुणी मागितली नाही. मॅलकी त्या दिवशी घरी आला तो खांद्यावर लांब दांड्याचा खराटा घेऊनच.

आणि आता हा पांढरा वेष.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिना उतरून गल्लीत आला तेव्हा समोरच्या गुत्त्याच्या दारात त्याचा मेव्हणा फर्गस क्विल उभा होता. फर्गस म्हणजे स्टेशियाचा धाकटा भाऊ. मालाचा घोडागाडा चालवायचा. अंगानं बैल, आवाजानं भोंगा.

"अगं बाई!" फर्गसनं छातीवर हात ठेवला. "पांढरा झगा घालून चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला निघालीस का गं? आणि डोक्यावरचा पडदा कुठं विसरलीस?"

गुत्त्यातले सगळे बाहेर आले. कुणी टोपी काढून वाकलं, कुणी बेकरीवाला समजून पाव मागितला, कुणी म्हणालं की इस्पितळातून वेडा पळालाय, धरा. मॅलकी मान खाली घालून कामाला लागला. कामाला तोटा नव्हताच. ती गल्ली म्हणजे गल्ली नव्हती, उकिरडा होता. दोन्ही बाजूंनी गाडीवाल्यांनी आपले मालाचे गाडे लावून ठेवलेले. घोडे तबेल्यात आणि गाडे रस्त्यावर, कारण रस्त्याला भाडं पडत नाही. त्या गाड्यांखाली वर्षानुवर्षांची राख, कोबीची पानं, माशांची डोकी, लीद, मेलेली मांजरं. उन्हाळ्यात वास यायचा, हिवाळ्यात सगळं गोठून दगड व्हायचं आणि वसंतात पुन्हा जिवंत व्हायचं.

दुपारच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि बादलीभर ओली राख थेट मॅलकीच्या खांद्यावर आली.

त्यानं वर पाहिलं. लोणच्याचा हातगाडा लावणारी लिफ्शित्झबाई खिडकीत बादली धरून उभी होती. ती रशियातून आलेली, विधवा, रुंद बांध्याची.

"मी बघितलं नाही!" ती ओरडली. "तुला कुणी सांगितलं खाली उभा राहायला?"

"बाई, कोपऱ्यावर राखेचं पिंप ठेवलंय."

"कोपऱ्यापर्यंत जायचं? आणि माझ्या गुडघ्याला काय तुझा कर्नल तेल लावणार?"

गल्ली हसली. मॅलकीलाही क्षणभर हसू आलं, पण खांद्यावरून राख ओघळत कोटाच्या खिशात शिरली तसं ते विरलं. संध्याकाळी त्यानं खरोखरच अंगणातल्या नळावर कोट धुतला. रांगेतल्या बायकांनी त्याला साबण चोळायचा कसा ते शिकवलं, हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत शिकवलं. वर खिडकीत स्टेशिया उभी होती. तिनं पडदा ओढून घेतला.

मॅलकीला राग येत नसे असं नाही. पण त्याच्या मनात दुसरंच काही होतं आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, स्टेशियालाही नाही. त्यांच्या दारापासून कोपरा फार तर साठ पावलांवर असेल. त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, कारखाना बंद पडला त्याच महिन्यात, त्यांची चार वर्षांची ऊना घशाच्या तापानं गेली. शवगाडी कोपऱ्यापर्यंतच आली. गाडीवान म्हणाला, या घाणीत आणि या गाड्यांच्या गर्दीत माझे घोडे मी घालणार नाही. म्हणून मॅलकीनं ती लहानशी पेटी दोन्ही हातांवर घेतली आणि गाड्यांमधून वाट काढत चालू लागला. मध्येच पाय घसरला. तो एका गुडघ्यावर पडला. पेटी त्यानं पडू दिली नाही, पण तिचा एक कोपरा त्या चिखलात टेकला. बस, एवढंच. त्यानं तो कोपरा बाहीनं पुसला आणि पुढं गेला.

म्हणून रोज तिथं आला की मॅलकी खराटा जरा जास्त जोरानं चालवी. पण त्या जागेवरच एक गाडा उभा असे, आणि गाड्याखाली खराटा पोचत नसे. गाडा फर्गसचा होता.

महिना-दीड महिना असा गेला. मग कर्नलसाहेबांचा हुकूम निघाला की रस्त्यावर एकही गाडा उभा दिसता कामा नये. जो हलवणार नाही त्याचा गाडा खात्याची माणसं ओढून नेतील.

त्या रविवारी चर्चमधून येताना फर्गस मॅलकीच्या बाजूनं चालू लागला. आवाज मधाळ होता, म्हणजे काम होतं.

"मॅलकी, आपण घरातली माणसं."

"आहोत की."

"तुझी माणसं कधी येणार, तेवढं फक्त कानात सांग. आदल्या दिवशी आम्ही गाडे हलवू, दुसऱ्या दिवशी परत आणू. कुणाचं काय जातंय?"

"मला सांगत नाहीत रे आधी."

"मग त्या दिवशी तू आजारी पड." फर्गसनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "पुढाऱ्याशी बोललोय मी. हे चाड असलेले लोक किती दिवस टिकणार? पुढची निवडणूक झाली की आपलेच परत येतात. तुला मुकादम करतील. हातात खराटा नको, अंगात हे सोंग नको. नुसतं उभं राहायचं नि ओरडायचं."

"मला ओरडता येत नाही," मॅलकी म्हणाला.

फर्गसनं हात काढून घेतला. "गाडा ठेवायला कुणाच्या अंगणात भाड्यानं जागा घेऊ म्हणतोस? आधीच धंदा बसलाय. ताईच्या नवऱ्यानं माझ्या पोटावर पाय द्यावा, एवढंच राहिलं होतं."

ताईही भावाच्याच बाजूची होती. जेवताना तिनं बटाट्याचं भांडं मॅलकीसमोर आदळलं. "दोन हिवाळे त्यानं आपल्याला कोळसा दिला. विसरलास?"

"नाही विसरलो."

"मग?"

मॅलकीनं बटाटा सोलला. मीठ लावलं. मग म्हणाला, "त्या गाड्याखाली झाडता येत नाही गं."

स्टेशियानं कपाळावर हात मारून घेतला.

मंगळवारी सकाळी खात्याची माणसं आली. बरोबर दोन पोलीस शिपाई आणि गाडे ओढायला घोड्यांच्या जोड्या. पहिले चार-पाच गाडे निघाले तोवर गल्ली भरून गेली. गाडीवाले, गुत्त्यातले, गच्चीवर चढलेले, सगळे जमले. वरून पहिली वीट आली तेव्हा शिपाई दारांच्या आडोशाला गेले. मग कोबी आले, बाटल्या आल्या, दगड आले. खात्याचे घोडे उधळायला लागले. बाजूच्या हद्दीतला झाडूवाला सॅव्हेरिओ मदतीला आला होता. त्याचा इटालियन देव आणि दगड मारणाऱ्यांच्या आया-बहिणी यांची नावं तो एकाच दमात घेत होता.

मॅलकी फर्गसच्या गाड्याशी पोचला. फर्गस दांडी धरून उभा होता.

"हात लावून तर बघ," फर्गस म्हणाला.

मॅलकीनं खराटा भिंतीला टेकवला आणि दुसऱ्या दांडीला हात घातला. तेवढ्यात वरून कुठूनतरी विटेचा तुकडा आला. टोपी उडाली, भुवईच्या वर कपाळ फुटलं आणि पांढऱ्या कोटावर रक्त असं उतरलं की समोरची माणसं एक पाऊल मागे सरली. मॅलकी डगमगला. पण दांडी त्यानं सोडली नाही.

"बाजूला हो, फर्गस."

आवाज स्टेशियाचा होता. ती कधी खाली आली ते कुणाला कळलं नाही. ॲप्रनला दोरा लोंबत होता, सुई अजून गळ्याशी कापडात खोचलेली.

"ताई, हे लोक माझं पोट मारायला—"

"बाजूला हो. त्या दिवशी हा गाडा इथंच होता."

"कुठल्या दिवशी?"

"माझ्या पोरीची पेटी तो हातावर नेत होता त्या दिवशी. मी मागून येत होते. इथं पडला तो. इथं, या चाकापाशी." तिनं बोटानं जागा दाखवली. "तुला वाटतं मी पाहिलं नाही. यालाही तेच वाटतं."

मॅलकीनं तिच्याकडे पाहिलं. कपाळावरचं रक्त डोळ्यात जात होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. जवळजवळ दोन वर्षं त्यानं जे पोटात ठेवलं होतं ते तिनंही तेवढीच वर्षं ठेवलं होतं, एकाच टेबलाशी बसून, एकाच भांड्यातले बटाटे खाऊन.

फर्गसनं दांडीकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि मग एखादी तापलेली कढई सोडावी तशी दांडी सोडली. स्टेशियानं ती धरली. नवरा-बायकोनं जोर लावला. गाडा हलेना, चाकं चिखलात रुतून बसली होती.

"बघताय काय मेल्यांनो!" दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. मग जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि लिफ्शित्झबाई बाहेर आली. तिनं बाह्या वर सारल्या आणि गाड्याला मागून खांदा लावला. "माझी दोन लेकरं गेली या गल्लीत. ढकला!"

तिच्या मागून नळावरच्या बायका आल्या. त्या दिवशी साबण चोळायला शिकवणाऱ्या त्याच. कुणाचं कोण गेलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही; त्या गल्लीत सांगावं लागत नसे. गाडा एकदा कण्हला, चाकाखालचा काळा लगदा सुटला आणि गाडा निघाला. वरून दगड मारणाऱ्यांच्या हातात दगड होते. पण खाली आता त्यांच्याच आया नि बायका होत्या. मारणार कुणाला?

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. एवढी रुंद होती ती! इतकी वर्षं राहून कुणाला ठाऊकच नव्हतं.

त्या संध्याकाळी मॅलकी कपाळाला पट्टी बांधून बसला होता. स्टेशियानं त्याचा कोट काढून घेतला आणि गार पाण्यात मीठ टाकून भिजवला.

"रक्ताला गरम पाणी चालत नाही," ती म्हणाली. "तुला माहीत नसणार."

"मी धुतो की."

"गप बस. तू धुतोस तो कोट मळकाच राहतो. चारचौघांत लाज आणतोस मला."

त्यानंतर मॅलकीचा कोट गल्लीत सगळ्यांत पांढरा असे. स्टेशिया तो निळीत घाली, खळ लावी, आणि वाळत टाकला की खिडकीत बसून राही, कोळशाची धूळ बसू नये म्हणून. मॅलकीनं गाड्यांखालच्या जागेचे थर पहारीनं उचकटले, पिंपं भरभरून नदीकाठी पाठवली, आणि शेवटी खरवडून खरवडून तळ लागला तेव्हा फर्गसच्या गाड्याच्या जागी तो बराच वेळ खराटा टेकून उभा राहिला. कुणी त्याला हटकलं नाही. मग गल्लीत घट्ट, गुळगुळीत डांबर आलं. पोरं दोरीवरून उड्या मारू लागली, आणि लिफ्शित्झबाई गुडघा धरत का होईना कोपऱ्यावरच्या पिंपापर्यंत जाऊ लागली. वाटेत कुणी साल टाकलेलं दिसलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. त्या ऑगस्टमध्ये कुणी लहान मूल गेलं नाही असं नाही. पण आदल्या वर्षांसारखी दर आठवड्याला शवगाडी आली नाही, आणि जी एक आली ती दारापर्यंत आली.

फर्गसनं एका अंगणात गाड्याला जागा घेतली. "गाडा छपराखाली झोपतो आणि मी गळक्या पोटमाळ्यावर," असं तो सगळ्यांना सांगे. मॅलकीशी बोलत मात्र नसे. समोरून आला की टोपीचा काठ खाली ओढून घेई.

पुढच्या वसंतात कर्नलसाहेबांनी जाहीर केलं : खात्याची सगळी माणसं पाचव्या अव्हेन्यूवरून संचलन करणार. वाद्यवृंदासह.

पाचवा अव्हेन्यू म्हणजे कोट्यधीशांचा रस्ता. तिथून पलटणी जात, पुढारी जात. झाडूवाले कशाला?

"अंडी मारतील," सॅव्हेरिओ म्हणाला. मिशीला पीळ देत तो विचारात पडला. "चांगली मारली तर बरं. खाता येतील."

"मी नाही जात," मॅलकीनं घरी सांगितलं. "इथल्या शिव्या ऐकल्या तेवढ्या पुरे. आता सगळ्या गावाच्या कशाला ऐकू?"

स्टेशिया इस्त्री तापवत होती. तिनं ओल्या बोटानं इस्त्रीला स्पर्श केला, चर्र आवाज झाला. "विजारीला घडी पुढं हवी की बाजूला?"

"स्टेशिया, मी म्हणतोय—"

"ऐकलं मी. पुढं की बाजूला?"

"पुढं," मॅलकी म्हणाला.

त्या दिवशी पाचव्या अव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. निम्मं गाव कुचेष्टा करायला आलेलं. स्टेशिया आणि लिफ्शित्झबाई एका दिव्याच्या खांबापाशी जागा धरून होत्या. लिफ्शित्झबाईनं कोपरं अशी पसरली होती की आसपास कुणी टिकत नव्हतं. मॅलकीला ते नंतर कळलं. त्याला फक्त पुढच्या माणसाची पांढरी पाठ दिसत होती. खांद्यावर खराटे, रांगेत रांग, एका तालात पडणारे पाय.

सुरुवातीला लोक माना उंचावून नुसते बघत राहिले. लोकांना बहुतेक वाटलं होतं की ढेपाळलेले, पेंगुळलेले, अर्धे प्यालेले गबाळे येतील. मग कुणीतरी शीळ घातली. "बेकरी बंद आहे का रे आज?" हशा पिकला. सॅव्हेरिओ दातांत काहीतरी पुटपुटला. प्रार्थना असावी किंवा शिवी.

आणि तेव्हाच मॅलकीला ते दिसलं. पुढं घोड्यावरचे अधिकारी गेले होते, त्यांच्यातल्या एका घोड्यानं भर रस्त्यात, लख्ख डांबरावर, आपलं काम उरकून ठेवलं होतं. रांगा त्याच्या दोन्ही बाजूंनी फाकून जात होत्या. माणसं बोट दाखवून हसत होती. मॅलकीनं विचार केला असं म्हणता येणार नाही. हातानंच विचार केला. तो रांगेतून एक पाऊल बाहेर आला, खांद्यावरचा खराटा खाली आला, एक लांब, सरळ, सफाईदार फटका बसला, मग दुसरा, आणि लीद रस्त्याच्या कडेला जाऊन पडली. रस्ता जसा होता तसा झाला. खराटा पुन्हा खांद्यावर गेला, आणि वाद्याचा ठेका चुकायच्या आत मॅलकी आपल्या जागी आला.

मग असा गजर उठला की वाद्यवृंद ऐकू येईना.

तो हसण्याचाच आवाज होता, पण वेगळा. लग्नात नवरा-नवरी आत आली की लोक हसतात तसा. त्यात टाळ्या मिसळल्या, मग टाळ्यांत हसू बुडालं. पुरुषांनी टोप्या काढल्या. गच्च्यांवरून हातरुमाल फडफडू लागले. "शाब्बास! शाब्बास रे पांढऱ्यांनो!" एक म्हातारी मध्येच कठड्याखालून वाकून आत आली आणि सॅव्हेरिओच्या हातात फूल कोंबून गेली. ते फूल कुठं धरायचं ते न कळून त्यानं दातांत धरलं.

"तो! तो बघा, मोठ्या कपाळाचा!" उजवीकडून भोंग्यासारखा आवाज आला. गाडीवाल्यांचा एक घोळका होता तिथं. त्यांनी येताना खिशातून मारायला काय काय आणलं होतं ते त्यांच्या फुगलेल्या कोटांवरून दिसत होतं. त्यांच्या मधोमध फर्गस क्विल, टोपी हातात, तोंड लालबुंद. "तो माझा मेव्हणा! अहो, माझी सख्खी बहीण दिलीय त्याला! कपाळावर खूण दिसते ना? आमच्याच गल्लीत झाली ती!"

मॅलकीनं मान वळवली नाही. संचलनात मान वळवायची नसते. पण त्याचे ओठ हलले, आणि शेजारी चालणाऱ्या सॅव्हेरिओनं नंतर शपथेवर सांगितलं की मॅलकी हसत होता.

मैलभर तसंच चाललं. टाळ्या पुढच्या चौकात आधी पोचत, रांगा मागून. कुणीतरी बातमी पुढं पुढं नेत होतं. पाच-सहा चौक गेल्यावर मॅलकीच्या लक्षात आलं की आपली पाठ ताठ आहे आणि ती ताठ ठेवायला जोर लागत नाहीये.

संध्याकाळी गल्लीत हवा उबदार होती. गुत्त्यासमोर फर्गस दुपारची गोष्ट चौथ्यांदा सांगत होता. आता तिच्यात लिदीचा डोंगर झाला होता आणि मॅलकीनं तो एका फटक्यात उडवला होता. मॅलकीला पाहून तो थांबला, जरा घुटमळला, मग गुत्त्यातून बिअरचा भरलेला डबा घेऊन आला आणि त्याच्या हातात दिला. मॅलकी दारू पीत नव्हता. पण त्यानं डब्याला तोंड लावलं आणि परत दिला.

मग स्टेशिया दोन खुर्च्या घेऊन खाली आली. तिनं त्या दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला मांडल्या. असं त्या गल्लीत कुणी कधी केलं नव्हतं. बाहेर बसायची ती जागाच नव्हती. थोड्या वेळानं लिफ्शित्झबाई पिंप उलटं करून त्यावर बसली. पलीकडच्या दारात एक बाक आला, त्याच्या पलीकडे बसायला एक खोकं. कुणीतरी ॲकॉर्डियन काढलं.

स्टेशिया पहाटेपासून उभी होती. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि पावलं डांबरावर टेकवली. डांबर दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होतं. "बरं वाटतं," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिची मान एका बाजूला कलली. ती झोपली.

मॅलकी तिच्याजवळ बसून राहिला. कोपऱ्यावरून एक अनोळखी माणूस संत्रं सोलत येत होता. गल्लीतला नव्हता, गोदीवरून कुठंतरी घरी निघाला असावा. दारासमोर आल्यावर त्यानं सवयीनं साल टाकायला हात झटकला, आणि मध्येच थांबला. त्यानं समोरचा रस्ता पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झोपलेल्या बाईचे उघडे पाय पाहिले. इकडे तिकडे पाहून त्यानं साल कोटाच्या खिशात घातलं आणि संत्र्याची फोड तोंडात टाकून पुढं गेला.

स्टेशियाला उठवून हे सांगावं असं मॅलकीला फार वाटलं. पण तिची झोप गाढ लागली होती. त्यानं तिचे बूट उचलून आपल्या मांडीवर ठेवले आणि तो माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिला.